स्टेंटच्या बिलातील एक ओळ

केंद्र सरकारने १३ फेब्रुवारी २०१७ रोजी हृदयधमनीत बसवायच्या स्टेंटची कमाल किंमत ठरवली. साधा धातूचा स्टेंट ७,२६० रुपये, औषधलेपित २९,६०० रुपये. त्याआधी औषधलेपित स्टेंटची सरासरी छापील किंमत लाखाच्या वर होती. रसायन व खत खात्याचे तत्कालीन मंत्री अनंतकुमार हे तेव्हा बंगळुरू दक्षिणचे खासदार होते. त्या आदेशातील एक कलम मात्र फारसे चर्चिले गेले नाही: बिलात स्टेंटची किंमत स्वतंत्र दाखवावी, ब्रँड, उत्पादक आणि बॅच क्रमांकासह. माझ्या मते हे कलम किमतीइतकेच मोलाचे आहे. औषध किंमत प्राधिकरणाच्याच आकडेवारीत रुग्णालयांचा नफा कमाल ६५४ टक्क्यांपर्यंत गेलेला दिसला होता. आणि कॅथलॅबच्या टेबलावर पडलेला माणूस घासाघीस करीत नाही.

पण स्टेंट एकटा हृदयापर्यंत पोहोचत नाही. आधी सुमारे ०.३६ मिलिमीटर जाडीची गाइडवायर आत जाते. कॅथेटर वाट देतो. मग बलून दहाहून अधिक वातावरणांच्या दाबाने फुगून धातूच्या जाळीला तिच्या स्थितिस्थापकतेच्या मर्यादेपलीकडे ताणतो, म्हणूनच बलून काढल्यावरही ती तशीच राहते. (पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला याहून सुंदर उदाहरण मिळणे कठीण.) या साधनांना कमाल किंमत नव्हती, छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवू नये, एवढेच बंधन होते. एक ओळ दाबली की शेजारच्या ओळी फुगण्याची शक्यता उघड होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये औषधलेपित स्टेंटची किंमत २७,८९० रुपयांवर आली, तेव्हा कॅथेटर, बलून आणि गाइडवायरही बिलात वेगळ्या दाखवण्यास सांगण्यात आले.

बंगळुरूत याआधीच दुसरी वाट चोखाळली गेली होती. डॉ. देवी शेट्टी यांच्या पुढाकाराने २००३ मध्ये कर्नाटकातील सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी ‘यशस्विनी’ योजना सुरू झाली. सुरुवातीची वर्गणी महिना ५ रुपये. रुग्णालयाला शस्त्रक्रियेमागे ठरावीक रक्कम मिळे. दोन वायर लागल्या की एक, हा हिशेब रुग्णाच्या माथी येत नसे. मात्र अशा ठोक दरात स्वस्त साधन वापरण्याचा किंवा एकदाच वापरायचे साधन पुन्हा वापरण्याचा मोह दडलेला असतो, आणि साधनांची यादी नसेल तर तो रुग्णाला दिसतही नाही. म्हणून दर ठोक असला तरी बॅच क्रमांकांसह यादी रुग्णाच्या हाती पडावी. उद्या एखादी बॅच सदोष ठरली, तर ती कोणाच्या छातीत आहे हे त्याच कागदावरून कळणार आहे.