साप चावला तर पहिल्या तासात काय करायचं? रोवणीच्या दिवसांत घराघरात माहीत असावी अशी माहिती

मौदा : पावसाळा लागला की तालुक्यात रोवणी सुरू होते आणि सर्पदंशही वाढतात. चाचेर, कोदामेंढी, धानला, तारसा, खात, अरोली, हा सगळा पट्टा धानाचा. बांधीत पाणी भरलं की उंदीर धुऱ्यावर आणि घराकडे सरकतात, त्यांच्या मागे साप येतो. माणसं दिवसभर उघड्या पायांनी चिखलात. शेतीची लाईन रात्रीची असली तर अंधारातच मोटर चालू करायला जावं लागतं. २३२० मेगावॅटचा वीज प्रकल्प आपल्याच तालुक्यात असताना ही पाळी, असो.

हा प्रश्न किती मोठा आहे ते बघा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख लोक गेले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातले, आणि बरेचसे दवाखान्यात पोचायच्या आधीच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे, अशी केंद्राची योजना मार्च २०२४ मध्ये आली.

आपल्याकडचे जीवघेणे साप मोजकेच : नाग, मण्यार, घोणस म्हणजे आपली परड, आणि फुरसं. फुरसं जास्त कोकणातलं. परड चावली की खूप दुखतं, सूज चढते, रक्त गोठत नाही आणि किडनीवर परिणाम होतो. नागाच्या विषानं सूज येते, शिवाय पापण्या मिटतात, श्वास अडतो.

सगळ्यात फसवी मण्यार. ती रात्री निघते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. फारसं दुखत नाही, दाताची खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात दुखतं, ओकारी होते, पापण्या जड पडतात, जीभ अडखळते. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं. पावसाळ्यात खाली झोपलेलं लेकरू असं उठलं तर ओव्याचं पाणी पाजत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणं हा मण्यारीपासून वाचायचा सगळ्यात स्वस्त उपाय.

साप चावला तर माणसाला धीर द्या, चालू-पळू देऊ नका. अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. चावलेला हात-पाय काठी लावून सैलसर बांधा, फ्रॅक्चरला बांधतात तसा. दोरीनं आवळू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. कोणी आधीच आवळून बांधलं असेल तर ते डॉक्टरांसमोरच सुटू द्या. १०८ ला फोन करा. गाडीला वेळ लागत असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मधात बसवून न्या. साप मारण्यात वेळ घालवू नका. लांबून फोटो मिळाला तर ठीक.

कडूनिंबाचा पाला चावायला देऊन विष चढलं का ते पाहतात, त्यावरून काही कळत नाही. मांत्रिकाकडे माणसं बरी होतात, कारण बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दरवेळी विष सोडतोच असं नाही. खरं विष गेलं असेल तर तिथं फक्त वेळ जातो.

दवाखान्यात रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवून गोठतं का ते बघतात. लक्षणं दिसली की सर्पविषरोधक लस सलाईनमधून देतात. ती घोड्याच्या रक्तापासून बनते आणि वरच्या चारही सापांवर चालते. लहान लेकराला डोस मोठ्या माणसाइतकाच लागतो, कारण सापानं सोडलेलं विष तेवढंच असतं. डॉक्टरांनी लगेच लस दिली नाही तर भांडू नका, लक्षणं नसताना ती देत नाहीत. पण २४ तास भरती राहा. श्वास अडू लागला किंवा डायलिसिस लागलं तर नागपूरला मेडिकल किंवा मेयोला पाठवतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत.

सर्पदंशानं मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून शेतकरी कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. सातबारा नावावर नसलेल्या घरातल्या एका सदस्यालाही ही योजना लागू आहे. वय १० ते ७५ हवं. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात, ३० दिवसांच्या आत. दुःखात सुचत नाही हे खरं, पण पोलिसांत खबर आणि पोस्टमार्टम राहून गेलं की पुढं कागद अडतात.