तळटीप : राहुल भेके
१. राहुल भेके (जन्म १९९०, मुंबई) : भारतीय फुटबॉल संघातील बचावपटू. गरजेनुसार उजव्या बगलेवर किंवा मध्यभागी बचाव सांभाळणारा खेळाडू. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स आणि पुणे सिटी या संघांकडून खेळल्यानंतर २०१७ मध्ये बेंगळुरू एफसीत दाखल. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत झालेल्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात गोव्याविरुद्ध जादा वेळेत, ११७व्या मिनिटाला, कॉर्नरवर डोक्याने मारलेल्या त्याच्या एकमेव गोलने बेंगळुरूला या लीगचे पहिले विजेतेपद मिळाले. त्याच वर्षी भारताकडून पदार्पण. २०२१ मध्ये मुंबई सिटीत. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाविरुद्धचा त्याचा विजयी गोलही डोक्यानेच झाला. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने जिंकलेला हा पहिलाच सामना. २०२४ चे इंडियन सुपर लीग विजेतेपद मुंबई सिटीने त्याच्या नेतृत्वाखाली मिळवले. त्यानंतर तो बेंगळुरूला परतला. बचावपटूचे खरे काम गोल अडवण्याचे; त्याची नोंद गोलफलकावर होत नाही. त्यामुळे भेकेची ओळख या दोन गोलांपुरती मर्यादित मानू नये.