टाळकऱ्यांची ओळ आणि परीक्षेची पायरी

वर्गात बसवून गवई घडत नाही, असे जाणकार नेहमी म्हणतात. ते खोटे नाही. पण ज्यांनी गाण्याचे वर्ग सुरू केले त्यांना फक्त गवईच घडवायचे होते का, हे आधी पाहायला हवे.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१) कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, शाळा सुटली आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचे गाणे सुरू झाले. म्हणजे ते स्वतः गुरुगृहीच तयार झाले. त्या पद्धतीत गुरूची सेवा करायची आणि त्यांच्या मर्जीने मिळेल तेव्हा चीज घ्यायची. गृहस्थांच्या मुलामुलींना, विशेषतः मुलींना, ते दार जवळजवळ बंदच होते. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून बुवांनी ते उघडले. ठरलेला अभ्यासक्रम, छापील पुस्तके, स्वरलिपी, परीक्षा... सारे शाळेसारखे. १९०८ मध्ये मुंबईतही विद्यालय निघाले. तिथली इमारत पुढे कर्जापायी गेली. तानसेन घडले नाहीत तरी कानसेन घडावेत, हा त्यांचा हेतू प्रसिद्धच आहे.

ते गेले त्याच वर्षी, १९३१ मध्ये, शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या पायऱ्या आज घरोघरी माहीत आहेत. तालुक्याच्या गावची मुलगी आणि मुंबईची मुलगी एकच अभ्यासक्रम शिकतात, ही लहान गोष्ट नव्हे.

आता आमच्या नगर जिल्ह्याकडे (आता अहिल्यानगर) वळू. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासे इथलेच. इथल्या खेड्यांत गाणे शिकवण्याची दुसरी शाळा कितीतरी जुनी आहे, ती म्हणजे भजनाची ओळ. तिला प्रवेशपरीक्षा नाही. पुढे विणेकरी, बाजूला पखवाजी, चाल सांगणारा जाणता, आणि मागे टाळ घेतलेले दहा वर्षांचे पोर. पोर चुकले तरी ओळ थांबत नाही. ओळच त्याला सुरात ओढून घेते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी नगरला राहून ख्रिस्ती भजने रचली तेव्हा ओव्या-अभंगांचाच आधार घेतला, कारण लोकांच्या कानात तेच होते.

ओळीत कान तयार होतो, पण आपण गातो तो भूप आहे आणि त्यात मध्यम व निषाद नाहीत, हे तिथे कोणी सांगेलच असे नाही. वर्गात ते पहिल्या वर्षीच कळते. उलट वर्गात पायरीपायरीने मुले वेगळी होतात. प्रारंभिकच्या पोराला विशारदवाल्याशेजारी बसून गायला क्वचितच मिळते. मग प्रमाणपत्र हाती येते आणि तंबोरा खोळीत जातो.

मला वाटते, दोन्ही शाळा एकमेकींच्या उणिवा भरतात. शिकवणाऱ्याने आठवड्यातून एक दिवस तरी सर्व पायऱ्यांची मुले एका ओळीत बसवावीत, आणि भजनी मंडळाने पोरांना स्वरांची नावे सांगावीत. अनेक शाळांत संगीताचा तास आता वेळापत्रकापुरताच उरला आहे. तिथे निदान रोजची प्रार्थना सुरात म्हणवून घेतली, तरी कानसेनांची सुरुवात होईल.