कुंपण आणि शेत

कुंपणानेंच शेत खावें, ही म्हण मराठी घरांत नवी नाहीं. मनुष्याच्या शरीरांतही असा प्रकार घडतो, हें वैद्यकशास्त्राला पटण्यास बराच काळ जावा लागला. आणि त्या कुंपणावर नजर ठेवणारे पहारेकरीही शरीरांतच असतात, हें सिद्ध होण्यास त्याहून अधिक. मुलांना होणाऱ्या मधुमेहाचा इतिहास हा या दोन शोधांचा इतिहास आहे.

मधुमेह म्हटला म्हणजे उतारवयांत स्थूल देहास जडणारी व्याधि डोळ्यांपुढें येते. पहिल्या प्रकारचा मधुमेह याहून निराळा. तो बहुधा बालपणीं किंवा तारुण्यांत गांठतो, आणि त्यांत इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. या पेशींचीं बेटें स्वादुपिंडांत असतात. १८६९ सालीं बर्लिन येथें पॉल लांगरहान्स या अवघ्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें तीं प्रथम दाखविलीं. १९२२ च्या जानेवारींत टोरोंटो येथें १४ वर्षांच्या एका मुलास इन्शुलिन टोचण्यांत आलें, आणि मृत्यूच्या दारांतलीं मुलें परत फिरूं लागलीं. तथापि हीं बेटें ओसाड कां पडतात, हा प्रश्न तसाच राहिला.

जर्मन पंडित पॉल एर्लिख यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं असें मांडलें होतें कीं, शरीर स्वतःवर विष सोडण्यास बिचकतें. पुढील पिढीनें त्याचा अर्थ ‘असें घडणेंच अशक्य’ असा केला. एर्लिख यांचें म्हणणें अधिक सावध होतें: असें घडूं नये म्हणून शरीरांत कांहीं तरी योजना असली पाहिजे. १९६५ सालीं बेल्जमचे विली गेप्ट्स यांनीं, रोग जडल्यावर लवकरच मृत्यु पावलेल्या रुग्णांचीं स्वादुपिंडें तपासलीं. अनेकांत त्या बेटांभोंवतीं शरीराच्याच रक्षक पांढऱ्या पेशींचा वेढा पडलेला दिसला. कुंपण शेत खात होतें.

मग सर्वांचेंच कुंपण शेत कां खात नाहीं? १९६९ सालीं जपानांत निशिझुका व साकाकुरा यांनीं उंदरांच्या तीन दिवसांच्या पिलांची थायमस ग्रंथि काढून टाकली. रक्षक पेशींचें शिक्षण छातींतील याच ग्रंथींत होतें. तेव्हां ती गेल्यास आक्रमणाचा जोर ओसरावा. घडलें उलटें. पिलांचे अंडाशय नष्ट झाले, आणि तो शरीराचा स्वतःवरील हल्ला होता, हें पुढें उमगलें. त्या ग्रंथींत लढणाऱ्यांबरोबर त्यांना आवरणारेही तयार होत असले पाहिजेत!

अमेरिकेंत रिचर्ड गर्शन यांनीं १९७० च्या सुमारास अशा ‘दडपणाऱ्या पेशीं’ची कल्पना मांडलीच होती. तिच्यामागें संशोधकांची रीघ लागली. परंतु ज्या जनुकाच्या आधारावर पुढील इमारत उभारली गेली, तें जनुक ठरल्या जागीं नाहींच, असें १९८० नंतरच्या कांहीं वर्षांत आढळलें. कल्पनेची अब्रू गेली. खोट्या नाण्याबरोबर खरें नाणेंही फेंकलें गेलें. शिमोन साकागुची यांनीं मात्र वाट सोडली नाहीं. १९९५ सालीं त्यांनीं या पेशींच्या अंगावरील एक ओळखीची खूण दाखविली. ती खूण असलेल्या पेशी वगळून उरलेल्या पेशी त्यांनीं उंदरांत सोडल्या, तेव्हां अनेक अवयवांवर, इन्शुलिनच्या बेटांवरही, हल्ला झाला. वगळलेल्या पेशी वेळींच परत देतांच तो टळला.

मनुष्यांतील पुरावा आजारी बालकांनीं दिला. १९४९ सालीं अमेरिकेंतील ओक रिज येथें खवल्यांच्या कातडीचे, थोड्याच दिवसांत मरणारे नर उंदीर जन्मले होते. २००१ सालीं मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांनीं त्यांच्यांतील दोष फॉक्सपी-३ या जनुकांत असल्याचें दाखविलें. त्याच वर्षीं तोच दोष कांहीं मुलग्यांत सांपडला. त्यांपैकीं अनेकांना तान्ह्या वयांतच मधुमेह जडला होता. २००३ सालीं कळलें कीं, नियामक पेशी घडविणारें जनुक तें हेंच.

सर्वसाधारण रुग्णांत गोष्ट इतकी सरळ नाहीं. त्यांच्या रक्तांत नियामक पेशींची संख्या पुष्कळदां नेहमीइतकीच असते; पण कित्येकांत त्यांचा वचक कमी पडतो, तर कित्येकांत आक्रमक पेशी तो जुमानीत नाहींत. १४ प्रौढ रुग्णांच्या नियामक पेशी शरीराबाहेर वाढवून त्यांस परत देण्याचा प्रयोग २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. उपाय निर्धोक दिसला, पण रोग हटला नाहीं. आक्रमकांचा जोर कमी करणाऱ्या टेप्लिझुमाब या औषधानें रोगाचा आरंभ सुमारें दोन वर्षें लांबतो, असें २०१९ सालीं दिसून आलें, आणि २०२२ सालीं अमेरिकेनें त्यास मान्यता दिली.

२०२५ सालीं ब्रंको, रॅम्सडेल व साकागुची यांना नोबेल पारितोषिक मिळालें. ज्या घरांत मुलास रोज सुई टोचावी लागते, तेथली सुई त्यामुळें चुकलेली नाहीं. इन्शुलिन हाच आजही त्याचा प्राणाधार आहे. परंतु आपण गोडधोड फार दिलें म्हणून हें झालें, असा बोल स्वतःस लावून घेणाऱ्या मातेस या इतिहासांत उत्तर आहे. दोष तिच्या वाढण्याचा नव्हे. शेताच्या कुंपणावरचा पहारा ढिला पडला होता.