लेबनॉनचे तीन सुपुत्र

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील लेबनॉन देशाचें क्षेत्रफळ अवघें १०,४५२ चौरस किलोमीटर. ख्रिस्ती, मुसलमान, द्रूझ अशा अनेक पंथांचें हें लहानसें घर. आणि या घरांतील भाऊबंदकीनेंच तेथील थोर पुरुषांची वारंवार कसोटी पाहिली आहे.

१८६० सालीं लेबनॉनच्या डोंगरांत मारोनी ख्रिस्ती व द्रूझ यांच्यांत भयंकर कत्तली झाल्या. निराश्रितांचे लोंढे बैरुत शहरीं येऊन पडले. अशा वेळीं बुत्रुस अल-बुस्तानी या पंडितांनीं सूडाची भाषा न बोलतां, स्वतःचें नांव न घालतां, केवळ ‘देशप्रेमी’ या सहीनें ११ पत्रकें काढलीं. ज्यांची भूमि एक, भाषा एक, पाणीहि एक, त्यांनीं परस्परांचा घात करावा हें केवढें दुर्दैव, हा त्यांचा मथितार्थ. परंतु लिहून ते स्वस्थ बसले नाहींत. १८६३ सालीं त्यांनीं बैरुतेंत ‘राष्ट्रीय शाळा’ स्थापिली. तिचें दार सर्व पंथांच्या मुलांस मोकळें होतें. पुढें त्यांनीं अरबी भाषेचा मोठा शब्दकोश रचला व १८७६ पासून अरबी ज्ञानकोशाचे खंड प्रसिद्ध करण्यास आरंभ केला.

१८८३ सालीं बुस्तानी वारले. त्याच वर्षीं ब्शर्री या डोंगरी गांवीं खलील जिब्रान जन्मास आले. दारिद्र्यानें त्यांच्या मातेस १८९५ सालीं मुलांसह अमेरिकेची वाट धरावयास लाविली. पुढें १९२३ मध्यें निघालेल्या ‘द प्रॉफेट’ या इंग्रजी ग्रंथानें त्यांची कीर्ति जगभर पसरली. १९३१ सालीं न्यूयॉर्क येथें निधन पावलेला त्यांचा देह मात्र ब्शर्रीसच विसांवला.

तिसरे तत्त्वज्ञ चार्ल्स मलिक. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगांत, जेथें भारताच्या हंसा मेहताहि होत्या, ते वृत्तनिवेदक होते. १० डिसेंबर १९४८ रोजीं संमत झालेल्या जाहीरनाम्यांत धर्म बदलण्याचें स्वातंत्र्य नमूद व्हावें म्हणून ते झटले. तथापि १९७५ सालीं मायदेशीं यादवी पेटली, तेव्हां तेहि ख्रिस्ती आघाडीच्या बाजूस उभे राहिले. १९८७ सालीं ते वारले, तेव्हांहि ती यादवी शमली नव्हती. ती १९९० पर्यंत चालली.

जगासाठीं हक्कांची सनद घडविणें कठीण खरें. पण शेजाऱ्याच्या मुलास आपल्या मुलाशेजारीं एका बांकावर बसविणें त्याहूनहि कठीण. बुस्तानींनीं १८६३ सालीं हात घातला होता तो या दुसऱ्या कामास.