बॅटरी सांभाळायची कुणी?

म्हैसूरहून टी. नरसीपूरला जाणाऱ्या रस्त्यावर वरुणा हे आमचं गाव आहे, तिथून बोलतो आहे. आजचा विषय तुमच्या-माझ्या खिशातला आहे. फोनची बॅटरी, तिचं म्हातारपण आणि तिच्यापायी वेळेवर न पोचणारे निरोप.

बॅटरी वाचवण्याच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ आहेत. मला वेगळा प्रश्न विचारायचा आहे. निरोप ज्या बॅटरीवर चालतो, ती सांभाळायची जबाबदारी आजवर कुणाची होती आणि आज कुणाची आहे? हा इतिहास पाहिला की निरोप का चुकतात, हेही उलगडतं.

सुरुवात तारायंत्रापासून करू. डॉक्टर ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली. पुढच्या तीन-चार वर्षांत मुंबईही तारेने जोडली गेली. तारेला वीज लागे आणि ती सेलमधून येई. १८६६ च्या सुमारास फ्रान्सच्या लेक्लांशे यांनी केलेला सेल पुढे जगभर तार आणि टेलिफोनच्या कामात रुळला. काचेची बरणी, तिच्यात नवसागराचं पाणी, एक जस्ताची कांडी आणि एक कार्बनची. पाणी आटलं की भरायचं, जस्त झिजलं की बदलायचं. हे काम कचेरीतल्या माणसाचं होतं. तार पाठवणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसे.

१८८२ मध्ये मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. त्या काळच्या टेलिफोनमध्ये बोलण्यासाठी सेल असे, पण घंटी वाजवायला मूठ फिरवावी लागे. मूठ फिरवली की आतला लहानसा जनित्र वीज तयार करी आणि पलीकडची घंटी वाजे. फौजेतल्या फील्ड टेलिफोनची रीतही हीच. यातली खुबी लक्षात घ्या. ऐकणाऱ्याचा सेल मेलेला असला तरी घंटी वाजायचीच, कारण तिची वीज बोलावणारा पाठवत होता. बोलणं कदाचित व्हायचं नाही, पण कुणीतरी बोलावतंय हे कळायचं.

नंतर टेलिफोनमधला सेलही गेला. एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टची शिशाची मोठी बॅटरी बसली आणि तारेवरूनच वीज घरात येऊ लागली. म्हणून गावातले दिवे गेले तरी घरातला काळा फोन वाजत असे. बॅटरीत पाणी घालणं, तिची घनता मोजणं, जुनी झाली की बदलणं हे सगळं एक्स्चेंजमधल्या कर्मचाऱ्यांकडे होतं.

मोबाइलने ही व्यवस्था मोडली. १९८३ मध्ये अमेरिकेत मोटोरोलाचा पहिला विक्रीचा मोबाइल आला. दहा तास चार्ज करायचा आणि अर्धा तास बोलायचं. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्लीदरम्यान पहिला मोबाइल कॉल झाला. एक्स्चेंजमधली बॅटरी आता खिशात आली आणि तिची चाकरी आपल्या गळ्यात पडली.

तरीही साधे मोबाइल चार-चार दिवस चालत आणि कॉल चुकत नसे. कारण तो फोन झोपायचा, पण पहारेकऱ्याच्या डुलकीसारखा. दर एक-दोन सेकंदांनी जागा होऊन टॉवरकडे कान द्यायचा. आपल्यासाठी हाक नसेल तर परत डुलकी.

१९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या बॅटरीमुळे स्मार्टफोन शक्य झाला. पण स्मार्टफोनमध्ये एक पहारेकरी नाही, पन्नास-साठ ॲप आहेत. प्रत्येक जण आपापल्या वेळी उठून नेट मागू लागला तर संध्याकाळपर्यंत बॅटरी संपते.

म्हणून २०१५ मध्ये गूगलने अँड्रॉइड ६ मध्ये 'डोझ' नावाची सोय आणली. फोन चार्जरला नाही, स्क्रीन बंद आहे आणि तो टेबलावर निश्चल पडलाय, असं दिसलं की ॲपचं नेट तोडलं जातं. मधूनमधून थोडा वेळ दार उघडतं आणि अडलेले निरोप आत येतात. फोन जितका जास्त वेळ पडून राहील, तितकं हे दार उघडण्यातलं अंतर वाढतं. तातडीचा शिक्का असलेले निरोप लगेच आत यावेत, अशी मुभा ठेवलेली आहे. २०१८ मध्ये अँड्रॉइड ९ ने ॲपची वर्गवारीही सुरू केली. जे ॲप तुम्ही क्वचित उघडता, त्याला जागं होण्याची संधीही क्वचित मिळते. त्यावर काही फोन कंपन्या स्वतःचे आणखी कडक नियम लावतात.

थोडक्यात, बॅटरी सांभाळायचं काम आपल्याकडून फोनने परत घेतलं. पण तारकचेरीतला माणूस निरोप जावा म्हणून बॅटरी सांभाळत होता. फोन कित्येकदा बॅटरी टिकावी म्हणून निरोप थांबवतो.

आता म्हातारपणाकडे येऊ. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात आणि वापरताना परत फिरतात. या ये-जा करण्यात थोडं थोडं लिथियम ग्रॅफाइटवरच्या पापुद्र्यात कायमचं अडकतं. उष्णतेत आणि सतत शंभर टक्के भरलेल्या स्थितीत हा पापुद्रा लवकर जाडावतो. मग दोन गोष्टी होतात. साठा कमी होतो आणि आतला विरोध वाढतो. म्हणून जुना फोन पंचवीस टक्के दाखवत असतानाच अचानक बंद पडतो. साठा असतो, पण एकदम जोर लावायची ताकद राहिलेली नसते.

२०१७ मध्ये हाच प्रश्न जगासमोर आला. जुन्या बॅटरीचे आयफोन बंद पडू नयेत म्हणून ॲपलने त्यांचा वेग कमी केला होता, पण ग्राहकांना ते स्पष्ट सांगितलं नव्हतं. डिसेंबरमध्ये कंपनीने माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. २०१८ मध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारी सोय फोनमध्ये आली. लोकांचा राग वेग कमी केल्याचा होता, त्याहून जास्त न विचारता केल्याचा होता.

म्हातारी बॅटरी आणि चुकलेला निरोप यांची गाठ इथे पडते. बॅटरी थकली की माणूस बॅटरी सेव्हर कायमचा चालू ठेवतो आणि ॲपवरची बंधनं आणखी आवळली जातात. आमच्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ आहेत. मुलगी परगावी. तिने रात्री साडेदहाला ॲपवर निरोप टाकला की नवऱ्याला दवाखान्यात हलवलंय, बाबा, लगेच या. फोन उशाशीच होता, चार वर्षांचा जुना, सेव्हर चालू. पहाटे पाचला त्यांनी फोन हातात घेतला तेव्हा निरोप वाजला. जावई बरे झाले. पण ती रात्र मुलीने एकटीने काढली आणि बाबा का आले नाहीत, हे तिला कळत नव्हतं.

फौजेत पहारा लावताना संत्र्याला स्थायी आदेश दिले जातात. कुणाला अडवायचं, कुणाला आत सोडायचं आणि कोणत्या वेळी साहेबाला झोपेतून उठवायचं. आदेश दिले नाहीत तर संत्री आपल्या अकलेने वागेल, त्यात त्याचा दोष नाही. फोनलाही तसे आदेश द्या. सेटिंग्जमध्ये त्या त्या ॲपच्या बॅटरीच्या पर्यायात जा. घरच्यांच्या निरोपाचं ॲप, बँकेचं, औषधाच्या आठवणीचं, अशा दोन-तीन ॲपना 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. बाकीच्यांना खुशाल झोपू द्या. सगळ्यांनाच मोकळीक दिली तर पुन्हा बॅटरी दुपारीच संपेल.

दुसरं, साधा कॉल आणि एसएमएस मोबाइलच्या जाळ्यावरून थेट येतात, डोझ त्यांना अडवत नाही. तेव्हा खरी निकड असेल तर टाइप करत बसू नका, फोन लावा. तिसरं, फोन उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. शून्यापर्यंत उतरवायचीही गरज नाही, तो सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. बॅटरी थकली असेल तर ती बदला. फोन बहुतेक वेळा आणखी काही वर्षं चालतो. फुगलेली बॅटरी मात्र त्याच दिवशी वापरातून काढा आणि कचऱ्यात टाकू नका.

लिथियम काही कुठेही मिळत नाही. आमच्या शेजारच्या मंड्या जिल्ह्यात मारलगल्ला इथे ते सापडलं, पण प्राथमिक अंदाज जेमतेम १,६०० टनांचा आहे. युरोपने २० जून २०२५ पासून नियमच केला की फोनच्या बॅटरीने ८०० वेळा चार्ज झाल्यावरही मूळ क्षमतेच्या ८० टक्के साठा धरला पाहिजे. नियम चांगला आहे. पण फोनला आदेश देण्याचं काम कुठलाही कायदा आपल्यासाठी करणार नाही.

आज जेवण झालं की घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाचा फोन हातात घ्या आणि रात्री कुणाचा निरोप आला तर त्याने वाजायचं, ते त्यांना विचारून ठरवा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.