खुशीची कुशी

बिनकष्टाच्या, बऱ्या पगाराच्या नोकरीला इंग्रजीत 'कुशी जॉब' म्हणतात. शब्द ऐकला की गुबगुबीत कुशन आठवतं, पण कुशनचं कूळ निराळं. ते बहुधा लॅटिनमधल्या 'कोक्सा'पासून, म्हणजे कमरेच्या खुब्यापासून, फ्रेंचमार्गे आलेलं. त्या कोक्साचा संस्कृतातला भाऊ 'कक्ष', आणि त्याची लेक आपली काख! इंग्रजी कुशी मात्र काखेतली नाही आणि आईच्या कुशीतलीही नाही. ती कूस 'कुक्षि'ची. इंग्रजी कुशी आली ती 'खूश'मधून.

खूश हा शब्द फारसी. त्यातला पहिला वर्ण घशात घासून निघतो. आपण त्याचा ख केला. इंग्रज शिपायाच्या तोंडी त्याचा साधा क झाला. हिंदुस्थानातल्या छावण्यांत वर्षानुवर्षं काढलेल्या गोऱ्या पलटणींच्या बोलीत असे पुष्कळ शब्द होते. रोटीची 'रूटी', बक्षिशीची 'बकशी', चौकीची 'चोकी'. १९१४ साली महायुद्ध पेटलं, या पलटणी फ्रान्सकडे हलल्या, आणि युद्धमंत्री किचनेरच्या नव्या फौजेत नाव नोंदवलेल्या कारकून-कामगार पोरांनी जुन्या शिपायांची बोली उचलली. छापील इंग्रजीत कुशी १९१५च्या सुमारास दिसू लागते. रोमा लोकांच्या बोलीत 'कुश्टो' म्हणजे चांगला; काहीजण कुशीचं मूळ तिथे शोधतात. मला छावणीची वाटच खरी वाटते, कारण शब्द रुजला तो शिपायांतच.

तिथे त्याचा अर्थ फार दुखरा होता. ज्या खंदकावर तोफा क्वचित पडत तो कुशी. आघाडीमागे कोठारावर नेमणूक झाली तर ती कुशी. आणि जखमही कुशी असे: जीव जाऊ नये, हातपाय तुटू नयेत, पण मायदेशी धाडतील एवढी खोल. त्या मायदेशाचं लाडकं नाव 'ब्लायटी', तेही आपल्या 'विलायती'चंच. विशीतला पोरगा जखमेला सुखाची म्हणतो, यावरून त्या खंदकांतले दिवस कसे असतील ते कळतं.

लढाई संपली आणि कुशी कचेरीत आली. तिच्यात हेव्याचा सूर मिसळला. ऐतं सुख मिळालेल्याबद्दल बोलताना तो हमखास लागतो. आपल्याकडेही खूश याच वळणाने गेला. खूश आणि हाल मिळून खुशाल, म्हणजे बऱ्या स्थितीतला. त्याला चेंडू जोडून आपण 'खुशालचेंडू' केला आणि निश्चिंत माणसाला बोल लावला. 'खुशामत' तर मुळात 'भले आलात' एवढंच म्हणणारी.

पत्रात मात्र 'खुशाल' हा शब्द निर्मळ राहिला. आम्ही येथे खुशाल आहोत, आपली खुशाली कळवावी. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ मेसोपोटेमियात कूत इथे वेढ्यात सापडलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. त्यांच्या गावोगावच्या घरांना याच एका शब्दाची वाट पाहायची होती. इंग्रज शिपायाला घरी धाडायला छापील कार्ड मिळे. त्यावर 'मी अगदी बरा आहे' हे वाक्य आधीच छापलेलं. नको ती वाक्यं खोडायची, खाली सही आणि तारीख घालायची. स्वतःचा एक शब्द जरी जास्त लिहिला, तरी कार्ड नष्ट केलं जाई.